२०१९ चं लीश आठवा
"दुसऱ्या फळीचं हर्लिंग (आयर्लंडमधला काठी-चेंडूचा खेळ) कोण बघतं" म्हणताय, पण २०१९ चा 'जो मॅकडोना कप', म्हणजे दुसऱ्या फळीचीच स्पर्धा, आठवा की राव. लीशने (आयर्लंडमधली एक काउंटी, म्हणजे जिल्हा; संघ काउंटीचेच असतात) फायनलला वेस्टमीथ काउंटीला ३-२६ विरुद्ध १-२१ असं धुतलं (पहिला आकडा गोलचा, एक गोल म्हणजे ३ पॉइंट), आणि हे झालं क्रोक पार्कला, म्हणजे या खेळाच्या सगळ्यात मोठ्या मैदानावर, मग आठवडाभरातच वरच्या फळीच्या ऑल-आयर्लंड स्पर्धेत घरच्या मैदानावर समोर डब्लिन, ज्यांनी त्याच सीझनला गॉलवेला घरी पाठवलेलं, आणि लीशने त्यांनाही २ पॉइंटनी हरवलं! मॅनेजर एडी ब्रेनन, किलकेनीचा जुना खेळाडू. पुढे टिपररीने थांबवलं, ते चालायचंच, तेच त्या वर्षीचे ऑल-आयर्लंड चॅम्पियन. आणि हे सगळे नोकऱ्या सांभाळून खेळणारे, पगार नाही काही नाही.