मुलाच्या बुद्ध्यांक चाचणीत एक आकडा १२६, दुसरा ८०. अर्थ कसा लावायचा?

नमस्कार. आम्ही अमळनेरचे. मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत, सेमी इंग्रजी. जळगावला त्याची वेश्लर चाचणी करून घेतली. अहवालात एकूण बुद्ध्यांक १११ आणि खाली एकच ओळ, 'सरासरीपेक्षा थोडा वर.' पण आतले आकडे असे: भाषिक आकलन १२६, आकृत्यांवरून तर्क ११९, वर्किंग मेमरी (ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून वापरणं) ९७, प्रोसेसिंग स्पीड (सोपी कामं भराभर करण्याचा वेग) ८०.

सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं माप) १५ धरतात, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात तीन विचलनांचं अंतर झालं. मग १११ मध्ये माझा मुलगा कुठे दिसतो?

चाचणी केली ती शाळेमुळे. फळ्यावरचं उतरवून होण्याआधी तास संपतो, वही अर्धीच राहते. बाईंनी दोनदा 'आळशी आहे' म्हणून सांगितलं. घरी हाच मुलगा आजीशी अहिराणीत तासभर गप्पा मारतो, कापसाचा भाव का पडला ते काकांना विचारून येतो आणि मला समजावतो. पाढे तोंडी विचारले तर धडाधड म्हणतो. लिहायला बसवलं की, "माले येस, पन हात चालत नही" (मला येतं, पण हात चालत नाही). हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही.

प्रोसेसिंग स्पीडच्या दोन भागांपैकी, अंकांखाली भराभर चिन्हं काढायची त्या 'कोडिंग'मध्ये ५ मिळाले, नुसती चिन्हं शोधायची त्यात ८. या छोट्या भागांची सरासरी १० असते. मग अडतंय कुठे, डोक्यात की हातात? त्या दिवशी पहाटे उठून एसटीने गेलो होतो, त्याचा परिणाम असेल? डिस्ग्राफियाची (लिहिण्यातल्या अडचणीची) तपासणी वेगळी असते का?

प्रतिसाद (धुळे)

ताई, माझ्या मुलीचंही असंच होतं. अंतर एवढं असताना १११ वर जाऊ नका. चाचणी घेणाऱ्यांकडून 'जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स' काढून मागा. तो भाषिक आणि तर्काच्या गुणांवरूनच निघतो, मुलाला परत बसवावं लागत नाही. दमलेल्या मुलाचे गुण थोडे घसरतात, पण तुम्हाला तर शाळेत रोज तेच दिसतंय.

५ आणि ८ एवढ्यावरून हात की डोकं ते ठरणार नाही. डिस्ग्राफियाही या चाचणीवरून कळत नाही, त्यासाठी लेखन-वाचनाची तपासणी वेगळी होते. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (हाताच्या हालचाली, रोजची कामं सुधारायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) पेन्सिलची पकड दाखवा, सोबत त्याच्या वह्या न्या. त्याआधी डोळे तपासून घ्या, आमच्याकडे ते राहूनच गेलं होतं. आणि बाईंना अहवाल दाखवून फळ्यावरचं छापील द्यायला, थोडी उत्तरं तोंडी घ्यायला सांगा. त्यासाठी निदान होईपर्यंत थांबायची गरज नाही.