गॉगमॅगॉग टेकड्या: भुताटकीचा शिलेदार जुना, की राक्षस?

रानवाट:
केंब्रिजच्या आग्नेयेला, गॉगमॅगॉग टेकड्यांमध्ये वॉन्डलबरी ही टेकडी आहे. उंची जेमतेम ७५ मीटर, पण माथ्यावर लोहयुगातला गोल खंदक. गर्व्हेज ऑफ टिलबरीने सम्राट चौथ्या ऑटोसाठी १२१५च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात इथली कथा दिली आहे. चांदण्या रात्री एकट्याने आत शिरायचं, सोबत्यांनी बाहेरून बघायचं. ‘शिलेदारापुढे शिलेदार येऊ दे’ अशी हाळी दिली की समोर हत्यारबंद स्वार हजर! ऑस्बर्ट फिट्झ ह्यू या सरदाराने त्याला लोळवलं, काळा घोडा हिसकावला. पडल्यापडल्या त्याने भाला फेकून ऑस्बर्टची मांडी फोडली. कोंबडा आरवताच घोडा लगाम तोडून पसार. जखम भरली, पण दरवर्षी त्याच रात्री पुन्हा उघडायची.

माझ्या मते ही लोहयुगातल्या एखाद्या विधीची आठवण आहे. याच टेकड्यांना पुढे गॉगमॅगॉग राक्षसाचं नाव मिळालं, ते उगाच नाही.

उलटतपासणी:
उगाचच मिळालंय! ब्रिटनच्या राजांचा दंतकथामय इतिहास लिहिणाऱ्या जेफ्री ऑफ मॉनमथने ११३६च्या आसपास रंगवलेला गॉगमॅगॉग नैऋत्य किनाऱ्यावरचा. कॉरिनियस नावाचा वीर त्याला कुस्तीत उचलून कड्यावरून समुद्रात भिरकावतो. केंब्रिजला कुठला आलाय समुद्र? इथे हे नाव ठळकपणे दिसतं ते १५७४मध्ये, विद्यार्थ्यांनी तिकडे फिरकू नये अशा विद्यापीठाच्या हुकुमात. गर्व्हेजच्या कथेत तर राक्षसाचा मागमूस नाही.

रानवाट:
कागदावर उशिरा आलं म्हणजे लोकांच्या तोंडी नव्हतं असं थोडंच? गवत खरवडून काढलेल्या राक्षसाच्या आकृतीचे जुने उल्लेखही आहेत.

खडूमाती:
त्या उल्लेखांच्याच मागे लागून पुरातत्त्वज्ञ टी. सी. लेथब्रिजने १९५४पासून तिथे लोखंडी गज खुपसून जमीन चाचपली. मऊ लागलं तिथे रेषा जोडत गेला आणि देवी, घोडा, योद्धा असं सगळं ‘सापडलं’. हिमयुगात जमीन गोठून-वितळून पडलेले हे नैसर्गिक खळगे आहेत, असं टीकाकारांचं म्हणणं. मला तेच पटतं. गज खुपसायला कोणत्याही खडूच्या टेकडीवर गेलात तरी मऊ जागा मिळतीलच की.

रानवाट:
लेथब्रिज सोडा हो. शिलेदाराचं काय? ती हाळी, एकट्याने जायचा नियम, दरवर्षी उघडणारी जखम… हे दरबारी करमणुकीसाठी रचलेलं वाटतं?

उलटतपासणी:
जखमेबद्दल मी भांडत नाही, तो तुकडा खरोखर अंगावर येतो. पण एकास एक झुंज, हरलेल्याचा घोडा जिंकणाऱ्याचा आणि बाहेर प्रेक्षक, हे तर बाराव्या शतकातले टूर्नामेंटचे, म्हणजे सरदारांच्या लुटुपुटीच्या लढायांचे सामने! चर्चने ११३०मध्ये त्यांना बंदी घातली. इंग्लंडात पहिल्या रिचर्डने ११९४मध्ये परवाने देऊन ते सुरू केले. तरण्या सरदारांच्या डोक्यात तेव्हा दुसरं काय असणार?

रानवाट:
मग नेमकी हीच जागा का?

उलटतपासणी:
सपाट मैदान, भोवती तयार बांध. आखाडा आणखी कसा असतो?

रानवाट:
आखाड्यात पैलवान असतात, भुतं नसतात. नाही पटलं.