मदत हवी आहे: उत्पन्न सारखं, तरी गुणांत दरी का?

एम.ए.च्या सेमिनारसाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतल्या दरीवर लिहितेय. १९६६ चा कोलमन अहवाल (अमेरिकी शाळांतल्या समान संधीवरचा सरकारी अभ्यास) वाचला. त्यात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा ठरतो. मानवशास्त्रज्ञ जॉन ओग्बूंची ‘विरोधी संस्कृती’ची मांडणी (कृष्णवर्णीय मुलं अभ्यासातलं यश म्हणजे ‘गोऱ्यांसारखं वागणं’ समजून ते टाळतात) मला पटत नाही, दोष पुन्हा मुलांच्याच माथी येतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यूची सांस्कृतिक भांडवलाची कल्पना (शाळेत मोल असलेली, घरातून मिळणारी भाषा, सवयी, आवडीनिवडी) सामाजिक वर्ग पकडते, पण वंश निसटतो. वेगळ्या वस्त्या आणि स्थानिक मालमत्ता करावर चालणाऱ्या शाळा हा मुद्दा घेतलाय. जातीशी तुलना नकोय, विषय अमेरिकेपुरताच ठेवायचाय.

अडलंय ते इथे: उत्पन्न सारखं असलेल्या कुटुंबांतही दरी उरते. ती पिढीजात संपत्तीतल्या फरकामुळे, की एकाच शाळेत मुलांना वरच्या-खालच्या तुकड्यांत वाटल्यामुळे? दोन्ही एकत्र तपासणारा, मोफत वाचता येणारा अभ्यास कुणाला माहीत आहे का?