वेगळा तास कशाला, द्राक्षंच घ्या की

ताई, तुम्ही वर लिहिलंय की दुसरीच्या वर्गात उपक्रम घेत बसलं तर पोर्शन मागे पडतो आणि पालक कोऱ्या वह्या बघून विचारायला येतात. अडचण खरीय, पण उपक्रम पोर्शनच्या बाहेर ठेवला की हे होणारच. आपल्या नाशकात फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं भरपूर, एक किलो आणा, मुलांना मणी दहा-दहाचे गट करून मोजू द्या (दशक-एकक तिथेच झालं), मग तोलून जाळीवर सावलीत वाळत घाला आणि दर दोन दिवसांनी परत वजन करून तारखेसमोर आकडा लिहायला लावा. साधारण ४ किलो द्राक्षांचे १ किलो बेदाणे होतात, म्हणजे शेवटी पाव किलोच्या आसपास उरणार, आणि "बाकीचं कुठे गेलं?" हे मुलंच विचारतील, तेव्हा उत्तर लगेच देऊ नका प्लीज, त्यांना आपापसात भांडू द्या! भाषेसाठी रोज दोन ओळी आणि एक चित्र, वही आपोआप भरते.

साहित्य महाग पडतं हे तुमचं म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडी काढली ती परिसरातल्या साध्या वस्तूंवरच. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही दुसरीपर्यंत खेळ आणि कृतीवरच भर आहे, मुख्याध्यापकांना तेच दाखवा.

पट (वर्गातल्या मुलांची संख्या) मोठा असेल तर सहा-सहाचे गट करा, आणि जाळी स्टुलावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या लागतात.