सल्ला हवाय: जुना 'विली वोन्का' मुलाला दाखवावा का?

ओवीची_आई
माझा मुलगा ८ वर्षांचा. त्याला जन्मतः अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया आहे, उंची कमीच राहणार. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला १९७१ चा 'विली वोन्का अँड द चॉकलेट फॅक्टरी' लावणार आहेत. मला त्यातली चॉकलेटची नदी तेवढी आठवत होती. काल पुन्हा पाहिला. वोन्काच्या कारखान्यात काम करणारी बुटकी माणसं, म्हणजे उंपा-लुंपा, आली आणि पोटात गोळाच आला. नारिंगी तोंडं, हिरवे केस. वर्गात आधीच पोरं त्याला चिडवतात. पाठवू का?

सांजवेळ
आधी घरी सोबत बसून बघा. रोआल्ड डाल यांच्या १९६४ च्या मूळ पुस्तकात हे उंपा-लुंपा आफ्रिकेतून खोक्यांत भरून आणलेले काळे पिग्मी (तिथले कमी उंचीचे आदिवासी) होते, मजुरी कोकोच्या बियांत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने हरकत घेतली, म्हणून सिनेमात ते नारिंगी झाले. १९७३ च्या आवृत्तीत डाल यांनीही वर्णन बदललं. पण बदलला तो रंग. कारखान्यातून बाहेर न पडता राबणारी, बिननावाची बुटकी माणसं तशीच राहिली. कारखाना बघायचं सोनेरी तिकीट मिळालेली पाचही मुलं गोरी, हेही आहेच.

चार_फूट_एक
माझं आयडीच माझी उंची आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दरवर्षी बुटक्याचंच काम मिळायचं. त्याचं वाईट वाटायचंच, पण खरा त्रास दुसऱ्या दिवशी व्हायचा, तेच नाव वर्गभर चिकटायचं. म्हणून वाढदिवसाआधी त्या मुलीच्या आईशी बोला. 'उंपा-लुंपा' म्हणून कोणी हाक मारली तर तिने तिथल्या तिथे थांबवायला हवं, तुमच्या मुलावर ती वेळ येऊ नये.

आणि त्याला सांगा, त्या रंगाखाली दहा खरे कलाकार होते. अँजेलो मस्कॅट, रस्टी गॉफ, जॉर्ज क्लेडन, पेपे पूपे... चित्रीकरण म्युनिकला झालं. काहींना इंग्रजी धड येत नव्हतं, गाण्यात ओठांकडे बघितलंत तर कळेल. श्रेयनामावलीत एकाचंही नाव नाही. मला याचा आजही राग येतो. २००५ मध्ये याच गोष्टीवर पुन्हा आलेल्या सिनेमात तर सगळे उंपा-लुंपा एकट्या डीप रॉय यांनी केले (मूळचे भारतीय, जन्म नैरोबीचा). काम अफाट आहे, पण माणसं दहाची एक झाली.

सांजवेळ
होडी बोगद्यातून जाते तो प्रसंग मात्र वगळा. कोंबडीची मान उडवलेली दिसते, माझी पुतणी रात्रभर झोपली नव्हती.

ओवीची_आई
दोघांचे मनापासून आभार. आज सोबत पाहिला. गाणी आवडली त्याला. मध्येच म्हणाला, "आई, यांना सुट्टीत घरी जाता येतं का?" मी म्हटलं, सिनेमात तर दाखवलं नाही. मग ती दहा नावं मोबाईलवर शोधून वाचली, 'पूपे'ला खूप हसला. शेजारणीशी बोलले, बोगदा वगळायला ती तयार आहे. शनिवारी जातोय, निळा शर्ट इस्त्रीला दिलाय.