मदत हवी आहे: बोहोलमध्ये आईसाठी डुकराचं मांस नसलेलं स्थानिक जेवण

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं फिलिपिन्समधल्या बोहोलला आलोय, पांगलाओ बेटावर मुक्काम आहे. अजून पाच दिवस आहोत. आलोना किनाऱ्यावर पिझ्झा-बर्गर हवा तेवढा मिळतो, पण मला इथल्या लोकांचं रोजचं जेवण जेवायचंय.

काल एका कारिंदेरियात, म्हणजे इथल्या साध्या खाणावळीत गेलो. ओळीने पातेली मांडलेली, झाकण उघडून बघायचं आणि बोट दाखवायचं. नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, पुसो, मावशींनी सुरीने उभा चिरून दिला. किनिलाव तर अप्रतिम! कच्चा मासा, व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची. मुगाची आमटी बघून आई खूश झाली, पण दुसऱ्याच घासाला त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा निघाला. ती मासे-कोंबडी खाते, डुक्कर-गाय अजिबात नाही. बिचारी नंतर नुसता भात आणि केळं खाऊन उठली. मला फार वाईट वाटलं.

इथे राहणाऱ्या किंवा फिरून गेलेल्या कुणी सांगाल का: पांगलाओ किंवा ताग्बिलारान शहरात मासळीचं सिनिगांग (चिंचेचं आंबट सार) आणि नारळाच्या दुधातल्या भाज्या कुठे चांगल्या मिळतील? 'वालांग बाबॉय', म्हणजे डुक्कर नको, एवढं सांगून भागतं का? की भाजीत चरबी, रस्सा वगैरे वेगळं विचारावं लागतं?

आणि इथलं उबे म्हणजे आपलं कोनफळच ना? त्याची घरगुती हलाया (दूध-साखर घालून आटवलेला गोड पदार्थ) कुठे मिळेल तेही सांगा. आईला ती नक्की खाऊ घालायचीय.