घिसाड्याकडून घडवून घेतलेली सुरी: मुंबईच्या स्वयंपाकघरात ठेवावी का?

भाकरतुकडा:
पाऊस लागायच्या जरा आधी विक्रोळीत रस्त्याकडेला भाता लावून बसलेल्या एका घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहार, जोडप्याकडून सहा इंची सुरी घडवून घेतली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा. ते सांडशीत धरून फिरवत होते आणि बाई घण घालत होत्या. एक घाव चुकला नाही. शेवटी पातं लाल केलं आणि धारेची बाजू तेवढी पाण्यात बुडवली. पाठ मऊ राहिली की पातं मोडत नाही, असं त्यांनीच समजावलं. साडेसहाशे रुपये सांगितले, तेवढे दिले.

आता तीन आठवडे रोज वापरतेय. दिसायला ओबडधोबड आहे, पाठीवर घणाचे ठसे तसेच आहेत. पण पिकलेल्या टोमॅटोची साल न दबता चिरली जाते, आणि कांद्याने डोळे पूर्वीइतके झोंबत नाहीत, कारण कांदा चेचला जात नाही. दुसऱ्या दिवशी कच्ची केळी चिरली तर फोडी काळ्या पडल्या आणि पात्यावर निळसर डाग उठले. मी घाबरलेच. पण तो गंज नव्हे. केळ्यातला तुरटपणा लोखंडाला लागला की असा रंग येतो. गंज तांबूस असतो आणि बोटाला लागतो. आता सगळं पातं राखाडी झालंय आणि फोडीही काळ्या पडत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: घरात एक तरी सुरी अशी असावी.

सातदहाची_लोकल:
मला नाही पटत. मी सकाळी सातला घर सोडतो, स्वयंपाकाला ताई येतात. चिरून झालं की सुरी सिंकमध्ये, वर खरकटी भांडी. जुलैच्या हवेत अशी सुरी एका रात्रीत तांबडी होईल. स्टेनलेसमध्ये साधारण साडेदहा टक्के किंवा जास्त क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा पातळ थर पात्यावर धरतो आणि खरवडला तरी पुन्हा धरतो. ही सोय माणसाने विचार करून केलीय, ती का सोडायची? शिवाय हातघडाईचं कौतुक करणाऱ्या घरात ती पुसत कोण बसतं, तेही सांगा. बहुतेक वेळा बाईच.

भाकरतुकडा:
शेवटचं खरं आहे, म्हणून आमच्याकडे नियम केलाय: ज्याने चिरलं त्याने पुसायची. नवरा आणि मुलगा दोघंही पुसतात. धुतली, कोरडी केली, खोबरेलाचं बोट फिरवलं, खिळ्याला अडकवली. अर्धं मिनिट. ताईंच्या हाती मात्र मी देत नाही, त्यांची स्टीलची वेगळी आहे.

माहीमची_सून:
तुम्ही दोघंही विळीला विसरलात! लोहाराने घडवलेलं पातं आपल्या घरांत होतंच की, फक्त पाटावर उभं. दोन्ही हात मोकळे राहतात, गवार-पालेभाजी कशी झरझर होते! बाजारात कोळणी आजही सुरमईच्या तुकड्या कोयत्यावरच करतात, सुरीवर नाही. सासूबाईंची विळी अजून वापरात आहे. फणसाच्या वेळी पात्याला तेल लावायचं, एवढंच तिचं मागणं. सुरीचं कौतुक जरूर करा, पण पारंपरिक म्हणाल तर मान विळीचा.

सातदहाची_लोकल:
आणि गुडघे? माझ्या आईला खाली बसवत नाही.

माहीमची_सून:
ओट्यावर फळीला अडकवायची विळी मिळते. घेऊन द्या.

भात्याजवळचा:
आमच्या घरात तीन पिढ्या लोहारकाम होतं, म्हणून एकच कळकळीची विनंती. ही सुरी दारावर धार लावायला येणाऱ्या चाकवाल्याकडे देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा बारीक धार तापते. ती निळी पडली की समजा पाणी उतरलं, म्हणजे पात्याचा कडकपणा गेला. मग कितीही घासा, धार आठवडाभर टिकत नाही. निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, घ्या, पाण्यात भिजवा, पाठ करंगळीच्या जाडीएवढी उचला आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा घासा. सावकाश.

आणि साडेसहाशे महाग म्हणणाऱ्यांनी कोळसा आणि दोन माणसांची मजुरी धरून बघावी. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत आज विजेचं सामान विकतात, नाव तेवढं लोहारांचं उरलं. गिऱ्हाईक घासाघीस करून करून हटलं की काम असंच जातं.

सातदहाची_लोकल:
निळ्या रंगाचं माहीत नव्हतं. आमच्या स्टीलच्या सुरीलाही चाकवाल्याने तसाच पट्टा पाडलाय, म्हणूनच ती चालत नसावी. माझं मत तेच आहे, रोजच्या धबडग्यात स्टेनलेसच. पण आईने हे वाचलं आणि विचारतेय, विक्रोळीत ते नेमके कुठे बसतात? तिला नारळ फोडायला कोयता हवाय.

भाकरतुकडा:
परवाच गेले होते, मैत्रिणीसाठी सांगायचं होतं. पाल उठलंय, भिंतीशी कोळशाची राख तेवढी आहे. शेजारचा चहावाला म्हणाला, पावसात गावी जातात, खंडेनवमीच्या आधी परत येतात. आले की आईंना कळवते.